गाडी कुणासाठी थांबणार नाही

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मधे "मग?" म्हणायचं नाही, "हो का?" म्हणायचं नाही. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येतोय, तिकडेही लक्ष देऊ नकोस, ते शेवटी येतं. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाहीये, त्यात तू मधे बोललीस तर मलाच वाटेल की मी रचून सांगतेय.

माझी गाडी तुला माहितीये. तीच, जुनी घेतलेली, मोरपिशी, जिची मागची डावी काच आतून तळव्याने ढकलल्याशिवाय वर जात नाही. ती घेतली त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं होतं की पहिला लांबचा प्रवास आईला घेऊन मावशीकडे. मावशी म्हणजे आईची एकुलती एक बहीण. पार दक्षिणेला राहते, रस्ता संपून समुद्र सुरू होतो तिथे. पूर्वी इथून तिकडे थेट बस होती. मग "प्रवासी मिळत नाहीत" म्हणून ती बंद केली, आणि तेव्हापासून दोघी बहिणींचं जे काही आहे ते फोनवर. आता मावशीच्या मुलाने तिला परदेशी बोलावून घेतलंय. कायमचं. हिवाळा संपला की ती जाणार.

आईने हे ऐकलं. तिने फक्त लोकर आणली. जिकडे मावशी जाणार तिकडे म्हणे बारा महिने थंडी, म्हणून स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली आणि काम बंद. मी विचारलं, "दुसरी बाही कधी?"

"पहिली बरोबर झालीय का तेच माहिती नाही. तिच्या हाताला लावून बघितल्याशिवाय दुसरी कशी करू?"

"फोनवर माप विचार की."

"विचारलं तर सांगेल ती. पण लहानपणापासून ती स्वतःला आहे त्याहून उंच समजते."

झालं. तो एका बाहीचा स्वेटर हॉलमधल्या खुर्चीच्या पाठीवर जो चढला तो तिथेच. रोज कामावर निघताना माझी आणि त्याची नजरानजर. एक हात लोंबकळतोय, दुसरीकडे नुसतं भोक. मला वाटायचं हा माझ्याकडेच बघून विचारतोय, काय गं, कधी निघायचं?

तर मी ठरवलं. ह्याच हिवाळ्यात, आठवडाभर रजा, रस्त्याने, वाटेत थांबत थांबत. एका तळ्याकाठी दुपार घालवायची, डोंगरावरच्या छोट्याशा हॉटेलात मुक्काम करायचा, सकाळी धुक्यात गरम गरम काहीतरी प्यायचं आणि मग उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने मावशीकडे. किती साधी गोष्ट आहे. ह्यात बिघडण्यासारखं काय आहे, तूच सांग. नको, सांगू नकोस, ऐक.

बिघडण्यासारखे होते बाबा. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं बस आगारात वेळापत्रकं केली. कुठली बस कधी सुटणार, कुठे किती थांबणार, ड्रायव्हरने कुठे जेवायचं, हे बाबांनी ठरवायचं आणि मोठ्या कागदावर काळ्या-लाल शाईत लिहून स्टँडवर लावायचं. त्यांचं अक्षर अख्ख्या शहराने मान वर करून वाचलंय. आणि ह्या माणसाने स्वतः कधी प्रवास केला नाही, कारण लोकांना सुट्ट्या लागल्या की ह्यांना ज्यादा बस सोडायच्या असायच्या. आईला त्यांनी आजवर एकाच प्रवासाला नेलंय, तो म्हणजे लग्नानंतर घरापर्यंत.

गाडीत बसले की ते मला नावाने हाक मारत नाहीत. "चालक" म्हणतात. "चालक, वेग." "चालक, पुढे वळण." ते बसतात त्या बाजूला ब्रेक नाही, पण त्यांच्या पायाखालचं रबर घासून गुळगुळीत झालंय. माझ्या बाजूचं अजून नवं आहे.

मी त्यांच्यापुढे नकाशा उघडला. त्यांनी चष्मा पुसला.

"तळ्यावर थांबा नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर तिथे थांबायचंय, बाबा. शांत असतं."

"जिथे थांबा नाही तिथे थांबायचं नसतं. मागून येणाऱ्याला कळत नाही."

"आपल्या मागून कोण येणारे?"

"कुणी ना कुणी येतंच."

लक्षात ठेव हे वाक्य. मी तेव्हा हसले होते.

दोन संध्याकाळींत माझी सहल गेली आणि तिच्या जागी मार्ग आला. तळं उडालं, तिथे बसस्टँड आला. डोंगर उडाला, तिथे पायथ्याचा बसस्टँड आला, कारण तिथलं स्वच्छतागृह बाबांच्या माहितीत चांगलं होतं. हॉटेलच्या मुक्कामाला त्यांनी नाव दिलं "चालक विश्रांती". मी आईकडे बघितलं, म्हटलं ही तरी माझी बाजू घेईल. आई म्हणाली, "मला काय गं, खिडकी मिळाली की झालं."

रजेचं वेगळंच. आमचे शेठ, म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक, रजेचं नाव काढल्यावर असे बघायला लागले की जणू मी लेन्सवर ओरखडा पाडलाय. म्हणे हिवाळा म्हणजे आपल्या धंद्याचे दिवस. लोकांच्या काचांवर वाफ धरते, त्यांना वाटतं नंबर वाढला, आणि ते येतात. अशा वेळी डोळे तपासणारी मुलगीच दक्षिणेला गेली तर दुकानाने कुठल्या दिशेला बघायचं? शेवटी रजा दिली, पण एका अटीवर. त्यांचे साडू वाटेत राहतात, त्यांचा नवा चष्मा पोचवायचा. नुसता हातात द्यायचा नाही. नाकावर बसवून, कानामागे दांडी वाकवून, खाली वाकायला लावून, पडत नाही ना बघून मगच पुढे निघायचं. मी हो म्हटलं. शिकलेली, कमावती मुलगी मी, स्वतःच्या सहलीला साडूंचे कान बघायला निघाले.

आणि एकदा एक वस्तू घेतली की कळतं बघ लोकांना, कसं ते माहिती नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू शिलाई मशीनचं लोखंडी पायडल घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीकडे द्यायचं, वाटेवरच आहे. सेक्रेटरीकाका भाच्याच्या होस्टेलसाठी गुंडाळलेली गादी घेऊन आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. फाटकातून वारा आत आला तरी तो आपल्याला विचारून यावा असं त्यांना वाटतं. गादीबरोबर सल्लाही दिला, "टायरमध्ये हवा कमी ठेव. थंडीत रबर आखडतं." काकू म्हणाल्या, "भलतंच काय, जास्त ठेवायची असते." मग दोघं माझ्या दारात उभं राहून माझ्या टायरवर असे भांडले की शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, मी अजून लहान आहे आणि जाऊच नये. गादी आणि पायडल मात्र ठेवून गेले.

आता मुख्य गोष्ट. आई. आमची आई आजवर कुठेही वेळेवर पोचलेली नाही. निघाली की परत आत जाते, गॅस बघते. कुलूप लावते, परत उघडते, नळ बघते. जिन्यात येते, परत वर जाते, मघाशी गॅस बघितला होता का ते बघते. लग्नाच्या दिवशी म्हणे फोटोग्राफर कंटाळून सामान आवरत होता तेव्हा ती आली. आमच्याकडे त्यांच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यात ती हललेली आहे.

बाबांना तीच धास्ती. त्यांनी वेळापत्रक लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर आई म्हणाली, "मी बघितलंच नाही." दिवसातून शंभरदा फ्रिज उघडणारी बाई. मग बाबांनी डोकं चालवलं. आई रोज संध्याकाळी फाटकापाशी, सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर काकूंशी गप्पा मारत उभी असते. एक वेळ जेवण चुकेल, ते चुकत नाही. बाबांनी मोठा कागद घेतला, काळी शाई, लाल शाई, पट्टी घेऊन रकाने आखले, थांबे, पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, विश्रांती. वर लिहिलं, "दक्षिण मार्ग, हिवाळी वेळापत्रक." आणि खाली, खास आईसाठी, लाल शाईत, "सुटण्याचे ठिकाण : हे फाटक. वेळेपूर्वी सामानासह हजर राहावे. गाडी कुणासाठी थांबणार नाही."

कामावरून येताना मी ते बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. फाटकाबाहेरून, रस्त्यावरूनसुद्धा वाचता येत होतं. म्हटलं, आता लोक हसणार आपल्याला. अगं, लोक हसले असते तर किती बरं झालं असतं.

लोक हसले नाहीत. लोक एकदम चांगले वागायला लागले. इस्त्रीवाल्यांनी माझे कपडे घडी घालून घरी आणून दिले आणि जाता जाता हळूच विचारलं, "ताई, पिंजरा चालतो का? पोपट आहे. मांडीवर घेईन." मला वाटलं गंमत करतायत. मी म्हटलं, "चालेल की. पोपटाला खिडकीची जागा देऊ." ते इतके खूष होऊन गेले की मला जरा विचित्रच वाटलं. सेक्रेटरीकाका जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी करून दाखवलं हो. आम्ही सह्या करकरून थकलो." मला वाटलं बाबांनी पाण्याच्या टाकीचं काहीतरी केलं असेल, मी "हो ना" म्हटलं. एक निवृत्त मास्तर बाबांना रस्त्यात भेटले, मी बरोबर होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

"थेट आहे ना? मधे बदलायला नको ना?"

"थेट," बाबा म्हणाले.

"पूर्वीसारखीच?"

"पूर्वीपेक्षा चांगली. चालक घरचाच आहे."

मास्तरांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबांनाही जरा नवल वाटलं. मला म्हणाले, "लोकांना किती आनंद होतो बघ, आपण कुठे निघालो तर."

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आले. मी त्यांना उंच खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवली, डावा डोळा झाकला, म्हटलं वाचा. त्यांनी वरच्या तीन ओळी वाचल्या. चौथीला अडखळले. मी भिंग बदललं. त्यांनी चौथी वाचली आणि त्याच सुरात, समोर बघत म्हणाले, "मोरपिशी गाडी तुमचीच का?"

मी म्हटलं, "हो. पाचवी दिसते का?"

"नाही. मी वाहतूक खात्यात इन्स्पेक्टर आहे. तुमच्या गाडीतून बेकायदा प्रवासी वाहतूक चालते अशी तक्रार आहे."

हातातलं भिंग खाली पडलं. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मी हसले, म्हटलं काहीतरी घोटाळा आहे. तर त्यांनी एका डोळ्याने मोबाइल शोधला आणि माझ्यापुढे धरला. बाबांचं वेळापत्रक. रकान्यांसकट, लाल शाईसकट. आमच्या सेक्रेटरीकाकांनी हौसेने त्याचा फोटो काढून अख्ख्या वॉर्डात फिरवला होता, खाली लिहिलं होतं, "आपली बंद झालेली बस पुन्हा सुरू." आणि कोपऱ्यावरचा खासगी बसवाला निम्म्या वाटेपर्यंत गाड्या सोडतो, त्याला वाटलं आपला धंदा बुडाला. त्याने चौकशी केली, माझी गाडी शोधून काढली आणि सरळ तक्रार ठोकली.

एका क्षणात सगळं डोक्यात उतरलं. पोपट. मास्तर. इस्त्रीचे कपडे. मी म्हटलं, "साहेब, ते माझ्या आईसाठी लावलंय."

"आईसाठी एवढे थांबे?"

काय सांगू मी त्यांना? मी सगळं सांगितलं, गॅस, नळ, फोटोग्राफर. ते शांतपणे ऐकत होते, नाकावर ती फ्रेम, एक डोळा झाकलेला. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी गाडी घेऊन ऑफिसात या आणि लेखी द्या. न देता शहराबाहेर निघालात तर गाडी जमा होईल. आणि आता तो डावा डोळा उघडा."

मी धावत घरी. कागद टराटरा काढला. बाबांना सगळं सांगितलं. बाबा खुर्चीत बसले. मग एवढंच म्हणाले, "कागद काढायला नको होता. सूचना न देता फेरी रद्द करत नाहीत." आई स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवत होती. ती थांबली. बॅग उघडीच राहिली. तिने मला एकच विचारलं, "म्हणजे जायचं नाही का?" मी म्हटलं, "जायचं. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या कागद देते आणि निघू." तिने मान हलवली, पण स्वेटर परत बाहेर काढून खुर्चीवर ठेवला.

सकाळी मी खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय तसाच राहिला. फाटकापाशी रांग होती. रांग, अगं. स्वेटर, मफलर, कानटोप्या, पेट्या, पिशव्या. मास्तर सगळ्यांत पुढे, थर्मास गळ्यात. मागे इस्त्रीवाले, मांडीवर घ्यायचा तो पिंजरा आत्ता डोक्यावर. काकू, आणि त्यांच्या हातात परत एक पायडल, म्हणे जोडी असते, परवा विसरल्या; तेही त्यांनी माझ्या गाडीत टाकलं. सेक्रेटरीकाका रांग सरळ करतायत. रांगेचं शेपूट वळणापलीकडे गेलं होतं, ते मला दिसतच नव्हतं. आणि सगळे माझ्याकडे बघून हसले, जसं लोक पुढच्या दारातून चढणाऱ्या ड्रायव्हरकडे बघून हसतात.

मी म्हटलं, "अहो, ही बस नाही. आमची घरची गाडी आहे. चार जणांची."

कुणी हललं नाही. मास्तर म्हणाले, "हो ना, मग मोठी गाडी कधी येतेय?"

तेवढ्यात बाबा खाली आले. मी त्यांचा चेहरा कधी विसरणार नाही. आधी पांढरा पडला. मग ते पुढे झाले, रांगेच्या बाजूने चालत गेले, वळणापर्यंत, वळणापलीकडे, ओठ हलत होते, मोजत होते. परत आले तेव्हा त्यांची पाठ सरळ झाली होती.

"प्रवासी मिळत नाहीत म्हणून बंद केली होती ना?" ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही, हवेत. मग मला म्हणाले, "चालक, तू ऑफिसात जा. सामान गाडीत राहू दे. मी ह्यांना आगारात नेतो. एवढे प्रवासी समोर उभे असले तर ज्यादा बस सोडता येते." आणि सेक्रेटरीकाकांना म्हणाले, "सामान उचला." आणि ती अख्खी रांग, पेट्या-पिंजऱ्यासकट, बाबांच्या मागून चालत निघाली. आगार आमच्याकडून दोन चौक. आई वरून येताना दिसली. मला वाटलं ही परत गॅस बघायला जाणार. पण खुर्चीवरचा स्वेटर तिच्या काखेत होता आणि ती रांगेच्या मागून जवळजवळ पळत गेली. कुलूप लावलं की नाही ते मीच वर जाऊन बघितलं.

ऑफिसात खिडकीपलीकडे एक बाई होत्या. मी लेखी दिलं, माझ्या गाडीतून मी प्रवासी नेत नाही. त्यांनी वाचलं आणि परत सरकवलं.

"हे तुम्ही म्हणता. प्रवाशांचं म्हणणं कुठाय?"

"प्रवासीच नाहीत ना."

"मग प्रवाशांकडून तसं लिहून आणा, की आम्ही प्रवासी नाही."

"बाई, जे नाहीत त्यांच्याकडून कसं लिहून आणू?"

त्यांनी जरा विचार केला. "गाडीत बसणार कोण?"

"आई आणि बाबा."

"मग त्यांच्याकडून आणा. नातं सिद्ध होईल असं काहीतरी जोडा. लग्नाचा फोटो चालेल."

लग्नाचा फोटो. जगात एकच आहे आणि त्यात आई हललेली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. तेवढ्यात मागून कालचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी गाडीत डोकावून बघितलं. पुढे गादी, मागे दोन पायडलं, बॅगा आणि साडूंचा चष्मा. म्हणाले, "ह्यात माणूस बसूच शकत नाही," आणि सही करून टाकली. मी सुटले.

आगारात शिरते तर एक बस फलाटावर उभी, नुकतीच धुतलेली, अंगावरून पाणी निथळतंय. पुढच्या काचेत बाबांच्या अक्षरात पाटी, दक्षिण. आत सगळे बसलेले, पोपट खिडकीत. आणि पुढच्या खिडकीत आई. आई, वेळेवर, बसून, पदर खोचून. बाबा दारात पायरीवर उभे, मनगट डोळ्यापुढे धरून. मी गाडीतून उतरून ओरडले, "बाबा, झालं काम, या दोघं, निघू." बाबांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे परत बघितलंच नाही. आत हात दाखवला. बस सुरू झाली. माझ्या डोळ्यांसमोरून, माझे आईवडील, माझी सहल, माझी रजा. आणि आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला, मला म्हणाली, "एकदा तरी वेळेवर येत जा गं."

मग काय करणार, आईबाबांच्या बॅगा, गादी, पायडलं, चष्मा, सगळं माझ्याकडे. मी त्या बसच्या मागून गेले. मागून कुणी ना कुणी येतंच, आठवतंय? ती कुणी ना कुणी मी. अख्ख्या रस्त्यात मी एकही तळं बघितलं नाही, बसचा मागचा भाग बघितला. प्रत्येक स्टँडवर बाबा उतरून माझी वाट बघत असायचे, "चालक, उशीर." काकू पायडलं घेऊन जाताना म्हणाल्या, एवढा वेळ कुठे होतीस. साडूंना मी फलाटावरच चष्मा बसवला, कानामागे वाकवून, खाली वाकायला लावून. आणि वळणावर बस आडवी झाली की पुढच्या खिडकीत कधी दिसायचं, आई बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय. बाबा ताठ बसलेत, जरासुद्धा हलत नाहीयेत. तेव्हा मात्र मी हॉर्नसुद्धा दिला नाही.

मावशी दारात उभी होती. दोघी बहिणी भेटल्या, रडल्या-बिडल्या नाहीत. आईने सरळ काखेतला स्वेटर काढला आणि मावशीच्या हातात बाही घातली. बाही बोटांच्या पुढे गेली. लोंबायला लागली. आईने ती बाही ओढून बघितली. मग म्हणाली, "तू लहान कधी झालीस गं?" मावशी म्हणाली, "मी आहे तेवढीच आहे. तुझंच माप चुकलं." आईने तिथल्या तिथे बाही उसवायला घेतली.

चार दिवस दोघी समुद्राकडे तोंड करून बसून होत्या. आई दोन ओळी विणायची, तीन उसवायची. निघायची सकाळ आली तेव्हा एक बाही झाली होती. एकच. जिथून निघालो तिथेच परत.

आणि आता ऐक. मी बॅगा घेऊन खाली उतरले, म्हटलं आता तरी बाबा माझ्या शेजारी, आई मागे खिडकीत, तळ्यावर थांबायचं, कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. तर फाटकापाशी रांग.  मावशीच्या बिल्डिंगच्या बोर्डावर, काळ्या-लाल शाईत, रकान्यांसकट, "उत्तर मार्ग." बाबांना धास्ती होती की बहिणीला सोडून आई काही वेळेवर निघायची नाही. आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढे, पायाशी मोठी बॅग, अंगात एका बाहीचा स्वेटर, दुसरा हात उघडा, काखेत लोकरीचा गुंडा, मावशी. शेजारी आई, रांगेतच उभी, सुया चालूच.

मी म्हटलं, "मावशी, तू कुठे? तुझं परदेशचं?"

"हिवाळा संपला की बघू," मावशी म्हणाली. "दुसरी बाही व्हायचीये अजून. अर्धवट स्वेटर घालून कुणी परदेशी जातं का?"

मी आईकडे बघितलं. आई मान वर न करता विणत होती, आणि मला स्पष्ट दिसलं, तिने आत्ताच विणलेली ओळ हळूच परत उसवली.

मागे रांग वाढत होती. बाबा पायरीवर उभे, मनगट डोळ्यापुढे. म्हणाले, "चालक, वेळ झाली."

गाडी चौघांची. रांग वळणापर्यंत. आणि सगळे माझ्याकडे बघून हसतायत. आतल्या खोलीत हसतायत त्या ह्याच दोघी बहिणी. आता बोल. आता बोलायचंय तुला. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?